तान्ह्या श्वासाला सवड नसते

घरात सर्दीची साथ शिरली की थोरली माणसे दोन दिवस शिंकतात आणि कामाला लागतात. पाळण्यातले मूल मात्र त्याच विषाणूने धापा टाकू लागते. यात दृष्टीचा दोष नसतो, की आईच्या खाण्यापिण्याचा. कारण तान्ह्या देहाच्या घडणीतच आहे.

अर्भकाचा श्वासमार्ग मुळातच अरुंद. नळीची त्रिज्या निम्मी झाली की संथ प्रवाहाला होणारा अडथळा सोळापट वाढतो, असा भौतिकशास्त्राचा नियम आहे. प्रौढाला जाणवणारही नाही एवढी सूज बाळाचा श्वास कोंडते. बरगड्या मऊ आणि आडव्या असल्याने सारा भार श्वासपटलावर पडतो व ते लवकर थकते. वजनाच्या मानाने प्राणवायूची गरज मात्र प्रौढाच्या सुमारे दुप्पट. आईकडून येणारी प्रतिपिंडे मुख्यत्वे गर्भारपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत मिळतात आणि जन्मानंतर काही महिन्यांत ओसरतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ती शिदोरीही पुरती लाभत नाही.

सारांश, खर्च मोठा आणि शिल्लक तुटपुंजी. म्हणूनच अर्भकाच्या न्यूमोनियात खरा प्रश्न वेळेचा असतो. दूरचे रुग्णालय कितीही सुसज्ज असले, तरी उशिरा पोहोचलेल्या बाळाला त्याचा उपयोग काय?

याचे उत्तर गडचिरोलीने दिले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५८ गावांत आरोग्यसेवकांना आणि सुइणींना न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविक देण्यास शिकविले. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तेथे पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू ८.१ होते, तुलनेच्या ४४ गावांत ते १७.५ होते.

न्यूमोकोकसची लस २०२१ पासून देशभरच्या लसीकरण कार्यक्रमात आली, ही मोठीच जमेची बाजू. परंतु न्यूमोनियाचे जंतू अनेक आहेत. लसीने दक्षता संपत नाही. शांत असलेल्या बाळाचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजावेत. दोन महिन्यांखाली साठ किंवा अधिक, पुढे वर्षापर्यंत पन्नास किंवा अधिक भरले, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, किंवा बाळाने दूध सोडले, तर सकाळची वाट पाहू नये. ही मोजणी प्रत्येक आईला शिकविणे आणि गावातच औषध व जाणते माणूस ठेवणे, हे शासनाचे कर्तव्य आहे. त्याला फार पैसा लागत नाही, अगत्य लागते.