दगडू, केरू आणि उकंडा

मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठावरची आद्याक्षरे सहसा कोणी उलगडून वाचत नाही. ना. धों. महानोर म्हटले की पळसखेडचे शिवार आठवते, त्या ‘धों’वर नजर थांबत नाही. ‘समाजस्वास्थ्य’ काढणारे र. धों. कर्वे आणि महानुभाव वाङ्मयाचे अभ्यासक वि. भि. कोलते यांचेही तसेच. उलगडून पाहिले तर नामदेव धोंडो, रघुनाथ धोंडो, विष्णु भिकाजी. मुलगे देवासंतांच्या नावाचे आणि वडिलांच्या नावात धोंडा नाहीतर भीक. विष्णुबुवा ब्रह्मचारी यांचेही मूळ नाव विष्णु भिकाजी गोखले. त्यांचा जन्म 1825 चा, कोलत्यांचा 1908 चा. प्रांत वेगळे, जाती वेगळ्या, पण दोन्ही घरांत बाप भिकाजी आणि लेक विष्णु.

मागच्या आठवड्यात हैबतराव, दौलतराव अशी अरबी-फारसी वळणाची रुबाबदार नावे पाहिली. आजची नावे अगदी दुसऱ्या टोकाची. दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिकू, नथू, उकंडा. आज एखाद्या बारशाला यातले एक नाव सुचवून पाहा, आत्याबाई पाळण्याची दोरी सोडून अंगावर धावून येतील. पण ज्या घरांत ही नावे ठेवली गेली, तिथे मूल नकोसे नव्हते. उलट, फार हवेसे होते.

आधीची दोन-तीन मुले दगावलेली असत. मग पुढचे मूल जगावे म्हणून जे उपाय चालत, त्यांत नाव हा एक. बाळ जन्मले की त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवायचे. सुईण किंवा शेजारीण ‘सापडले’ म्हणून उचलून आणायची आणि आईने तिच्याकडून ते मूठभर कोंडा किंवा दाणे देऊन विकत घ्यायचे. व्यवहार चारचौघांसमोर होई, कारण तो बघणाऱ्यासाठीच होता. बघणारी म्हणजे सटवाई, नाहीतर कोणाची तरी वाईट नजर. मूल या घरचे नाही, केरात सापडलेले आहे, त्याला नेऊन काय करणार, असा सगळा बनाव. नाव हा त्या बनावाचा कायमचा पुरावा. केरात सापडला तो केरू किंवा केरबा, कचऱ्यात सापडला तो कचरू. विदर्भात उकिरड्याचा उकंडा होतो, उरकुडाही होतो. उकिर्डे आणि उरकुडे ही आडनावे त्याच कुळीतली. पाच घरी भीक मागून आणलेल्या कापडाचे अंगडे ज्याला शिवले, तो भिकू किंवा भिकाजी. कवडीच्या मोलाने घेतला तो कवडू. वर्धा-चंद्रपूरकडे हे नाव अजून वडीलधाऱ्यांत ऐकू येते.

काहींनी सटवाईला फसवण्याऐवजी तिला खूश करणे पसंत केले. मुलाला तिचेच नाव दिले की ती स्वतःच्या नावाचे मूल कशी नेईल? म्हणून सटवा, सटवाजी. हे नाव गरिबाघरचेच असे मात्र नाही. जतच्या डफळे घराण्याचे मूळपुरुष सटवाजीराव होते.

धोंडूचे जरा सावकाश पाहिले पाहिजे, कारण त्यात एकाहून अधिक धागे आहेत. धोंडा म्हणजे रस्त्यातला दगड, लाथेने उडवावा असा. पण शेंदूर फासला की तोच गावाचा राखणदार होतो. दगडाला मरण नाही, ही एक आशाही त्यात असावी. शिवाय अधिक महिन्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो आणि त्या महिन्यात जन्मला म्हणून धोंडू, असेही घरोघर सांगतात. धुंडिराज हे मात्र गणपतीचे नाव आणि ते वेगळे. दादासाहेब फाळके धुंडिराज होते, धोंडो नव्हते. 1857 च्या उठावातले नानासाहेब पेशवे धोंडोपंत. महर्षी कर्वे धोंडो केशव. दगडाचे नाव लावून 1858 ते 1962 अशी 104 वर्षे जगणाऱ्या माणसाकडे पाहिल्यावर नावे ठेवणाऱ्या बायकांना हसायचे धाडस होत नाही.

केरूनाना छत्र्यांचेही तसेच. पंचांगसुधारणेसाठी ग्रहगणित नव्याने मांडणारे, टिळकांना गणित शिकवणारे हे प्राध्यापक. मूळ नाव विनायक, पण जगाला माहीत झाले ते केरो लक्ष्मण म्हणून. ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ 1860 सालचा. आकाशातल्या ग्रहांची गती चोख मांडणाऱ्याच्या नावात घरातला केर आहे, याची त्या काळी कोणाला मौज वाटल्याचे दिसत नाही. नाव रोज वापरले की अर्थ झिजून जातो, म्हणून तर भिकाजीपंत हे संबोधन कोणाला विसंगत वाटले नाही.

ही युक्ती आपलीच, असे मात्र समजू नये. बंगालीत तिनकडी आणि पाँचकडी ही नावे आहेत, म्हणजे तीन किंवा पाच कवड्यांना घेतलेला. पाँचकडी दे नावाचे गुप्तहेरकथा लिहिणारे लेखकही होऊन गेले. तमिळमधला कुप्पुस्वामी कचऱ्यातून आलेला, तेलुगूतला पेंटय्या उकिरड्यावरचा. ‘पिच्चै’ म्हणजे भिक्षा, तेव्हा गूगलच्या सुंदर पिचाईंच्या नावात आपला भिकाजी बसला आहे. भोजपुरी रंगभूमीचे भिखारी ठाकूर तर सर्वांना ठाऊक. पंजाबातल्या अशा नावांवर रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने 1883 साली पुस्तकात लिहून ठेवले आहे. रशियन कवी नेक्रासोव यांचे आडनाव ‘नेक्रास’, म्हणजे कुरूप, या जुन्या नावावरून आले. पूर्व युरोपातले ज्यू तर आजारी पोराला ‘आल्टर’, म्हणजे म्हातारा, म्हणत. मृत्यूचा दूत पोर न्यायला आला तर त्याला म्हाताराच सापडावा म्हणून. मला ही युक्ती सगळ्यांत आवडते.

नथूचे प्रकरण वेगळे आहे. इथे मूल टाकाऊ आहे असे भासवलेले नाही, ते मुलगी आहे असे भासवले आहे. मुलाचे नाक टोचून नथ घालायची, कधी परकर-पोलकेही घालायचे. यातून नथू, नथुराम. हिंदी मुलखात नत्थू, आणि टोचलेला म्हणून छेदीलाल. सर्वांत कुप्रसिद्ध उदाहरण गांधीजींचा मारेकरी नथुराम गोडसे. त्याचे पाळण्यातले नाव रामचंद्र. आधीचे मुलगे गेले म्हणून त्याला नथ घातली आणि लहानपणी मुलीसारखे वाढवले. या उपायाच्या पोटात एक हिशेब आहे, तो सहसा बोलून दाखवला जात नाही. मृत्यूलासुद्धा मुलीत रस नसणार, असे घरच्यांनी धरून चाललेले आहे. उकिरडा आणि मुलगी यांची किंमत इथे एकाच तागडीत मोजली गेली.

म्हणून 2011 साली साताऱ्यात जे घडले ते मुलग्यांच्या नावांबरोबर ठेवून पाहावे. जिल्ह्यात ‘नकुशी’ नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींची त्या वर्षी सरकारी पुढाकाराने समारंभपूर्वक नवी नावे ठेवली गेली. नकुशी म्हणजे नकोशी. दगडूचे नाव उलटे वाचायचे असते, नकुशीचे सुलटे. पुन्हा मुलगी झाली, आता पुरे, एवढाच त्याचा अर्थ. मुलग्याला कचरू म्हणणारी आई खोटे बोलत होती. नकुशी म्हणणारे घर खरे बोलत होते.

आता अवघड भाग. हे सगळे नुसते मायेचे म्हणून सांगितले तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा नियम आहे. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक असावे, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनाचे आणि शूद्राचे निंदा सुचवणारे. म्हणजे हलके नाव हे काहींनी आपणहून पांघरलेले, काहींवर वरून लादलेले. दोन्हींत शब्द तेच, फरक पुढच्या शेपटात. तोच दगड पेठेत मिठाईचे दुकान चालवू लागला की दगडूशेठ, वाड्यावर बसला की दगडोजीराव आणि गावकुसाबाहेर राहिला की दगड्या. धोंडोपंत आणि धोंड्या यांत जेवढे अंतर, तेवढेच गाव आणि वस्ती यांत. ‘पंत’, ‘शेठ’, ‘जी’, ‘बा’ यांतले काहीच ज्याला मिळत नसे, त्याच्या नावाचा अर्थ झिजतही नसे. हाक मारणारा तो रोज ताजा करी.

दगडू मारुती पवार या माणसाने हे जितके जवळून पाहिले, तितके थोड्यांनी पाहिले असेल. वाचक त्यांना दया पवार म्हणून ओळखतात. 1978 साली आलेल्या ‘बलुतं’मध्ये त्यांनी दगडू पवार आणि दया पवार यांना समोरासमोर बसवले आणि आयुष्य सांगण्याचे काम दगडूकडे दिले. शिकलेल्या, लेखक झालेल्या माणसाने जुने नाव कागदावरून पुसून टाकणे सोपे होते. त्यांनी ते पुस्तकाचा निवेदक केले. 1956 च्या धर्मांतरानंतर वस्त्यांमधून सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, गौतम ही नावे घरोघरी आली, त्यामागे काय होते हे ‘बलुतं’ वाचल्यावर वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

बाकीच्या घरांतून ही नावे कशी गेली, याचे कारण साधे आहे. 1971 साली देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 129 बाळे वर्षाच्या आत जात. 2020 साली हा आकडा 28 वर आला. लस, दवाखान्यातले बाळंतपण, स्वच्छ पाणी यांनी सटवाईचे काम कमी केले आणि तिला फसवायची गरजही. दगडू आता 2014 च्या ‘टाइमपास’मधल्या नायकाला शोभतो. त्यात गमतीसाठी ठेवलेले नाव म्हणून प्रेक्षक हसतात. उकंडा आणि कवडू मतदारयाद्यांत अजून सापडतात, बहुतेक वडिलांच्या रकान्यात.

पुढच्या आठवड्यात नवसाच्या नावांकडे वळू. मालोजी भोसल्यांच्या मुलांची शहाजी आणि शरीफजी ही नावे अहमदनगरच्या एका पिराशी कशी जोडली जातात, तिथून सुरुवात करू.