झोळी आणि ठेव

वृद्धाश्रमाला मदत करावयाची म्हटले की आपणांस पहिल्याने आठवते ती ठेव. बँकेत रक्कम टाकावी, व्याजावर संस्था चालावी, भिंतीवर नावाची पाटी लागावी! ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ या कॅथलिक जोगिणींनी मात्र ही सोय नाकारली. ती का, हे समजून घेण्याजोगे आहे.

या संघाची संस्थापिका जान ज्युगां ही फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील मच्छीमाराची मुलगी; जन्म १७९२. घरकाम, रुग्णालयात चाकरी, सूतकताई असे करून ती पोट भरी. १८३९ च्या हिवाळ्यात तिने एका आंधळ्या, अर्धांग झालेल्या विधवेला घरी आणले, स्वतःचा बिछाना दिला आणि आपण माळ्यावर निजू लागली. पुढे म्हाताऱ्या वाढल्या. त्यांतल्या काही भीक मागून जगत. जानने त्यांची नेहमीची घरे विचारून घेतली, हाती टोपली धरली आणि दारोदार सांगितले की, यापुढे त्यांच्याऐवजी मी येईन. माधुकरी आपल्याला नवी नाही. पण येथे दुसऱ्याची लाज एका धडधाकट बाईने अंगावर घेतली.

१८४३ साली भगिनींनी तिला पुन्हा प्रमुख निवडले, तर धर्मगुरूने ती निवडच रद्द केली. (ही रीत आम्हां संघटनावाल्यांना अगदीच अपरिचित नाही.) १८५२ पासून १८७९ त मरेपर्यंत तिला मठात बाजूला ठेवले गेले. तरीही १८६५ त कायम उत्पन्नाच्या ठेवी घ्याव्यात काय, असा प्रश्न आला तेव्हा तिचे मत विचारावे लागले. घेऊ नयेत, असे तिने सांगितले, आणि तोच नियम झाला. २००९ साली पोपने तिला संतपद दिले.

आम्ही तीस वर्षे वर्गणी गोळा केली. वर्गणीसाठी दाराशी गेले की घरातले दुखणेही कळते. ज्या संघटनेची तिजोरी एकदम भरते, तिचे पाय चाळीकडे वळेनासे होतात. जानने हे आमच्या आधी ओळखले होते.

मात्र दया ही हक्काच्या जागी बसवू नये. १९९५ च्या योजनेखाली कामगाराला २०१४ साली ठरलेले किमान निवृत्तिवेतन महिना १००० रुपये. घरकामवालीला तेही नाही. २००७ च्या कायद्यात जिल्ह्यागणिक १५० निराधार वृद्धांच्या आश्रमाची तरतूद आहे, पण ‘करता येईल’ अशा शब्दांत. त्यासाठी भांडणे आमचे काम. अर्धांगाने पडलेली म्हातारी मात्र मोर्चाचा निकाल लागेपर्यंत थांबू शकत नाही.

या भगिनी १८८२ साली कलकत्त्यास आल्या. मुंबईत अंधेरीला महाकाली रस्त्यावर त्यांचा आश्रम आहे. धर्म न पाहता गरीब वृद्धांना घेतात. अशा आश्रमाला द्यावयाचे तर आधी काय हवे ते विचारावे. सणाला मिठाईचे डबे एकदम येतात. पण तांदूळ, तेल, साबण, औषधे आणि अंथरुणावर पडलेल्यांसाठी डायपर यांची गरज बाराही महिने असते. चाळीतली दहा घरे मिळून दरमहा एक पोते तांदूळ धाडू शकतात. आणि पोते घेऊन जाणाऱ्याने तासभर तेथे बसावे.