आगोटीआधी शाकारू या एक घर!

मे महिना उजाडला की आमच्या अंजूर-भिवंडीकडे बायकांची एकच धांदल सुरू होते, ती आगोटीची! पापड, मसाला, सुकट-बोंबील, जळाऊ लाकडं... मृगाच्या आत सगळं घरात यायलाच हवं. याच यादीत पूर्वी आणखी एक मोठं काम असायचं, घराची शाकारणी.

शाकारणी म्हणजे छपरावरची कौलं उतरवायची, साचलेला पाला-माती झाडायची, वाळवी लागलेले वासे आणि रिपा बदलायच्या, फुटकी कौलं बाजूला काढून बाकीची पुन्हा नीट चढवायची. हे एकट्यादुकट्याचं काम नव्हेच. त्यासाठी सावड असायची. आज सगळे माझ्या घरी, उद्या तुझ्या घरी. देशावरची इर्जिक याच जातकुळीतली. मजुरी नाही, घरधनिणीने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, बस्स!

पुढे भातखाचरांच्या जागी गोदामं आली, घरांवर स्लॅब पडले. स्लॅबच्या घराला शेजाऱ्याची गरज लागत नाही. सावड मोडली ती तिथेच. पण ज्यांचं घर अजून कौलारूच आहे, त्यांचं काय? एकटी राहणारी म्हातारी आजी, धनी अंथरुणाला खिळलेली एखादी वहिनी... छपरावर चढणार कोण?

त्याहून बिकट अवस्था आपल्या तालुक्यातल्या कातकरी वाड्यांची. दिवाळीनंतर ही कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. तोवर बंद झोपडीची रया गेलेली असते. कारवीच्या कुडाचं लिंपण गळालेलं, छप्पर उडालेलं. हातात दिवस उरतात जेमतेम आठ-पंधरा. दुसऱ्यांच्या बंगल्यांसाठी हजारो विटा पाडणाऱ्या बाईचं लेकरू पहिल्याच पावसात भिजतं, याला काय म्हणावं?

घरकुल योजना आहेत ना, असं कुणी म्हणेल. कातकरींसारख्या आदिम जमातींसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये 'पीएम जनमन' अभियान सुरू झालं, त्यात एका घराला दोन लाखांची तरतूद झाली. चांगलंच झालं. पण कागदपत्रं, जागेचा प्रश्न, हप्ते यांतून पक्कं घर उभं राहीपर्यंत पाऊस काही थांबत नाही.

घराचं काम म्हणजे पुरुषांचंच, हेही डोक्यातून काढू या. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांमध्ये घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात 'स्वयं शिक्षण प्रयोग' संस्थेच्या प्रेमा गोपालन यांच्याबरोबर गावोगावच्या महिला मंडळांच्या बायका उतरल्या. घर मजबूत कसं करायचं हे त्या स्वतः शिकल्या, इतरांना समजावलं, कामावर लक्ष ठेवलं. चूल-मूल सांभाळणाऱ्या साध्यासुध्या बायकाच होत्या त्या!

मग आपल्या बचतगटाला, भजनी मंडळाला एक घर जड आहे का? अक्षय्य तृतीयेच्या सुमारास गावात फिरून यादी करावी. ज्यांनी जुनं घर पाडून बंगला बांधला, त्यांच्या परसात मंगलोरी कौलं आणि वासे पडूनच असतात, ते मागून घ्यावेत. छपरावर जाणकार माणूसच चढवावा, वासे आधी ठोकून पाहावेत. सिमेंटच्या पत्र्यावर मधोमध पाय मुळीच देऊ नये, तो फुटतो. खाली बायकांनी रांग करून हातोहात कौलं द्यावीत, कूड लिंपावा, पावसाची झड येते त्या बाजूला झावळ्या किंवा प्लास्टिक बांधावं. सकाळी सात ते अकरा, उन्हं चढायच्या आत काम थांबवायचं. भट्टीवर गेलेल्या कुटुंबाला मात्र आधी निरोप धाडून विचारावं आणि कारवी, माती, गवत जमवून ठेवावं. मग ती माणसं आली की दोन दिवसांत घर उभं!

एक गोष्ट मात्र सांभाळायची, मैत्रिणींनो. हे दान नव्हे, सावड आहे. ज्या घरी जाल, तिथल्या बाईला आधी विचारा, तिचं ऐका, तिच्या हातचा कोरा चहा घ्या. फोटोची घाई नको. पुढच्या वर्षी दुसऱ्या घरासाठी तीच टोपली घेऊन रांगेत उभी राहिली, तर आपली मोडलेली सावड पुन्हा जुळली म्हणायची. मृग लागायच्या आत एक घर तरी शाकारून होऊ द्या!