चुलीच्या जागी विजेची शेगडी



गेल्या उन्हाळ्यात चाळीसगाव तालुक्यातील एका घरी जाणे झाले. घर धाब्याचे, चूल वैलाची, आजेसासूच्या वेळची. घरच्या आजींचा खोकला हटेना, म्हणून मुलाने चूल काढून तिथेच विजेची शेगडी मांडली. हेतू चांगला, पण जोडणी दिव्याच्या सॉकेटमधून केलेली. प्लग वितळून काळा पडला होता. वर लाकडी सरे, कोपऱ्यात पऱ्हाट्यांचा भारा! धूर गेला, पण आग लागायची वेळ आली होती.

चुलीच्या धुराने डोळे आणि फुप्फुसे खराब होतात. सर्वांत जास्त धूर बायका आणि त्यांच्याजवळ बसणारी लहान मुले यांच्या वाट्याला येतो. म्हणून बदल जरूर करावा, पण रीतसर.

आधी हिशेब पाहा. २००० वॅटची शेगडी सुमारे ९ अँपियर वीज ओढते. दिव्या-पंख्याचा सॉकेट ६ अँपियरचा असतो. तेव्हा परवानाधारक वायरमनकडून मीटरच्या बोर्डापासून स्वतंत्र लाइन घ्यावी. तार तांब्याची, निदान २.५ चौरस मिलिमीटरची, आणि सॉकेट १६ अँपियरचा असावा. अर्थिंग केल्याशिवाय शेगडी लावूच नये. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहावे. गळती होताच वीज तोडणारे ३० मिलिअँपियरचे यंत्र बोर्डात बसवावे. पंपाच्या लाइनवरून किंवा आकडा टाकून शेगडी कधीही चालवू नये.

चुलीची जागा पूर्ण थंड झाल्यावर राख काढून उकिरड्यात टाकावी. त्यात पालाश असते. ओटा सपाट करून वर शहाबादी फरशी बसवावी. धुराडे बुजवू नये. फोडणीचा धूर आणि वाफ त्यातूनच जाते. पाऊस आत येऊ नये म्हणून वर पत्र्याची टोपी बसवावी.

उघड्या तारेची शेगडी घेऊ नये. दूध उतू गेले की शॉक बसण्याचा धोका असतो. इंडक्शन शेगडीवर लोखंडी किंवा लोहचुंबक चिकटेल अशी सपाट बुडाची भांडीच चालतात. ॲल्युमिनियमचे पातेले आणि मातीचे खापर तिच्यावर तापत नाही.

दीड हजार वॅटवर रोज एक तास स्वयंपाक केल्यास महिन्याला सुमारे ४५ युनिट लागतात. महिन्याचा वापर १०० युनिटांपुढे गेला की पुढचा दर चढतो, हे ध्यानात ठेवावे. वीज गेल्यास अडू नये म्हणून गॅस असेल तर तो ठेवावा.

आणखी एक फायदा आहे. जळणासाठी पऱ्हाट्या रचून ठेवल्या, की त्यांवरच्या न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात कपाशीवर येते. जळणाची गरज कमी झाली, की पऱ्हाट्यांचा भुगा करून खत करता येते.

मांडे आणि भरीत यांचे काय? त्यासाठी अंगणात, गंजीपासून दूर, एक चूल राहू द्यावी. त्या घरी आता लाइन नवी झाली आहे. आजी भरिताची वांगी मात्र बाहेरच भाजतात, वाऱ्याकडे पाठ करून!