पेशावरच्या आधीची पुस्तकं

पाकिस्तानातल्या शाळा आणि दहशतवाद हा विषय निघाला की बोलणं सुरू होतं १६ डिसेंबर २०१४ पासून. निमलष्करी दलाच्या गणवेशातले हल्लेखोर पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलमध्ये मागच्या भिंतीवरून शिरले. सभागृहात मुलांना प्रथमोपचाराचे धडे दिले जात होते. १४० हून अधिक जण मारले गेले, त्यांत बहुतेक विद्यार्थी. पण या शाळेपर्यंत येणारी वाट बरीच मागून, पाठ्यपुस्तकांतून येते.

आयुबखानांच्या काळातच शाळेतला इतिहास हा स्वतंत्र विषय बाजूला सारला गेला होता. जनरल झिया उल हक यांनी जुलै १९७७ मध्ये सत्ता घेतली आणि उरलेलं काम पुरं केलं. राष्ट्राचा पाया भाषा किंवा प्रांत नसून समान धर्म आहे हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवा, असा आदेशच १९८१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाकडून पाठ्यपुस्तकांच्या लेखकांना गेला. पुस्तकांत सेनापती आणि हुतात्मे वाढत गेले, शेजारी देश कायमचा शत्रू झाला. इतिहासकार के. के. अझीझ यांनी ६६ पाठ्यपुस्तकं तपासून त्यांतल्या चुका आणि थापा दाखवणारं पुस्तक १९९३ मध्ये लिहिलं. त्याचं नाव ‘द मर्डर ऑफ हिस्टरी’. नावातच निकाल होता. झियांच्याच राजवटीत, १९८४ मध्ये, विद्यार्थी संघांवर आणि त्यांच्या निवडणुकांवर बंदी आली. बंदी मतपेटीवर होती. विद्यापीठांत कलाश्निकोव्ह येतच राहिल्या.

त्या येत होत्या अफगाण युद्धातून. सीमेपलीकडून तीस लाखांवर निर्वासित पाकिस्तानात आले. त्यांच्या मुलांसाठी दारी आणि पश्तू भाषांत पुस्तकं तयार झाली अमेरिकेच्या पैशांवर, नेब्रास्का विद्यापीठाच्या ओमाहा इथल्या केंद्रामार्फत. १९८४ ते १९९४ या काळात विद्यापीठाच्या या शिक्षण कार्यक्रमांवर सुमारे ५.१ कोटी डॉलर खर्च झाले. आकडे शिकवायला बंदुका आणि काडतुसं, आणि चौथीच्या गणितात गोळीचा वेग व शत्रूचं अंतर देऊन ती त्याच्या कपाळात किती सेकंदांत शिरेल, ते काढा! सोव्हिएत सैन्य १९८९ मध्ये परत गेलं, पुस्तकं मात्र वर्गात राहिली. पुढे तालिबाननेही तीच वापरली. माणसांचे चेहरे धर्मबाह्य म्हणून खोडले, हिशेब तसाच ठेवला. मदरशांवर सगळं खापर फोडणाऱ्यांनी ही पानं एकदा जरूर पाहावीत.

मुंबईकरांना या गोष्टीचं एक टोक चांगलंच माहीत आहे. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर बेछूट गोळीबार करणारा अजमल कसाब ओकाऱ्याजवळच्या फरीदकोटचा, चौथीत शाळा सोडलेला. शाळेने वाऱ्यावर सोडलेल्या मुलाला उचलायला लष्कर-ए-तैयबासारखी संघटना तयारच होती. मुरिदके इथल्या तिच्या आवारात शाळाही होती, ही बाब आपल्याकडच्या चर्चांत फारशी येत नाही.

त्याच सुमारास स्वातच्या खोऱ्यात तिथल्या तालिबानचा म्होरक्या मौलाना फझलुल्ला याचं एफएम रेडिओ केंद्र लोकांना घरोघरी हुकूम सोडत होतं. १५ जानेवारी २००९ पासून मुलींच्या शाळा बंद, हा त्यातलाच एक. खोऱ्यातल्या शेकडो शाळा उडवल्या किंवा जाळल्या गेल्या. दुसरीकडे कारवाईसाठी आलेलं लष्कर काही शाळांच्या इमारतींत तळ ठोकून राहिलं. म्हणजे फळा कुणाच्याच उपयोगाचा राहिला नाही, भिंती मात्र दोघांनाही हव्या होत्या. जगभरच्या नोंदींनुसार २००९ ते २०१२ या चार वर्षांत शाळांवर सर्वाधिक हल्ले पाकिस्तानात झाले, किमान ८३८.

आणि मग पेशावर. पालकांचा आक्रोश खरा होता, आणि सरकारला काहीतरी करणं भाग होतं. पण जे झालं ते सगळं लष्करी वळणाचं: फाशीवरची स्थगिती उठली, २०१५ च्या जानेवारीत २१ व्या घटनादुरुस्तीने लष्करी न्यायालयं आली, शाळांना उंच भिंती, काटेरी तारा, कॅमेरे आणि बंदूकधारी पहारेकरी सक्तीचे झाले. खैबर पख्तुनख्वात शिक्षकांना शस्त्र बाळगण्याची मुभा मिळाली आणि शिक्षिकांना पोलिसांनी नेमबाजी शिकवली. जिथे सुरक्षा अपुरी दिसली तिथे शाळाचालकांवरच गुन्हे दाखल झाले. हल्ल्याच्या पहिल्या स्मृतिदिनी लष्कराच्या प्रसिद्धी विभागाने शत्रूच्या मुलांना शिकवण्याची प्रतिज्ञा करणारं गाणं काढलं. खैबर पख्तुनख्वाच्याच सरकारने २०१६ मध्ये अकोरा खटकच्या हक्कानिया मदरशाला ३० कोटी रुपये दिले, जिथे अनेक तालिबानी नेते शिकून गेले होते! मदरशांना मुख्य प्रवाहात आणायचं, हे त्यामागचं कारण सांगितलं गेलं. कारण अगदीच पोकळ म्हणता येणार नाही, पण त्याच वर्षाच्या जानेवारीत चारसद्द्याच्या बाचा खान विद्यापीठावर हल्ला होऊन वीसेक जण गेले होते. अहिंसेचा पुरस्कार करणाऱ्या सरहद्द गांधींचं नाव असलेल्या विद्यापीठात, त्यांच्याच पुण्यतिथीला.

शिक्षण हा ५ ते १६ वर्षांच्या मुलांचा घटनादत्त हक्क झाला २०१० मध्ये, कलम २५-अ नुसार. मे २०२४ मध्ये पंतप्रधान शाहबाझ शरीफ यांना शैक्षणिक आणीबाणी जाहीर करावी लागली, तेव्हा शाळेबाहेरच्या मुलांचा आकडा २.६ कोटी सांगितला जात होता. भिंतींची उंची ठरवून देणाऱ्या देशाला भिंतींच्या आत कोण येतंय याची मोजदाद फार उशिरा सुचली.

पुस्तकांचं काय झालं? मुशर्रफ यांच्या काळात, २००६ मध्ये, अभ्यासक्रम बराच सौम्य झाला. त्यामागे ए. एच. नय्यर आणि अहमद सलीम यांच्या २००३ च्या अहवालाचा रेटा होता. पण नव्या अभ्यासक्रमाची पुस्तकं वर्गात पोचायला वर्षं लागली. जुलै २०२१ मध्ये पंजाबच्या पाठ्यपुस्तक मंडळाने सातवीच्या सामाजिक शास्त्राच्या एका पुस्तकाच्या प्रती दुकानांतून जप्त केल्या. महत्त्वाच्या व्यक्तींच्या पानावर १९६५ च्या युद्धात लाहोर आघाडीवर मारले गेलेले मेजर अझीझ भट्टी होते, आणि त्यांच्यासोबत मुलींच्या शिक्षणासाठी लढणारी स्वातची मलाला युसुफझाई. अधिकृत कारण असं की पुस्तकाला मंडळाचं ना-हरकत प्रमाणपत्र नव्हतं.