आरंभचिन्ह आणि थाट : स्वरलेखनातील दोन गृहीते

देवनागरीत ‘क’ लिहिला की त्यातील अकार वेगळा लिहावा लागत नाही. इकार, उकार मात्र चिन्हाने दाखवावे लागतात. प्रत्येक लिपी काही गोष्टी न लिहिता गृहीत धरते आणि त्या गृहीतापासून जे ढळते त्यालाच चिन्ह देते. संगीताची लिपीही याला अपवाद नाही. पाश्चात्त्य स्वरलेखनातील ‘की सिग्नेचर’ हे अशा गृहीताचे सर्वांत ठळक उदाहरण होय. भारतीय भाषांतील गेय वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्याला केव्हा ना केव्हा छापील स्वरलिपी हाताळावी लागते. त्यामुळे हे गृहीत काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, हे पाहणे अगत्याचे ठरते.

पाच रेघांच्या प्रत्येक ओळीच्या आरंभी, क्लेफनंतर, शार्प किंवा फ्लॅट चिन्हांचा जो गट असतो, तो म्हणजे की सिग्नेचर. त्याला येथे ‘आरंभचिन्ह’ म्हणू. शार्प स्वराला अर्ध्या स्वराने चढवतो, फ्लॅट तितकाच उतरवतो. आरंभचिन्हातील आज्ञा बदलली जाईपर्यंत रचनेत सर्वत्र आणि सर्व सप्तकांत लागू राहते. याउलट मध्येच एखाद्या स्वरापुढे घातलेल्या चिन्हाचा अंमल त्या मात्राखंडापुरताच असतो. अशा चिन्हाला ‘ॲक्सिडेंटल’, म्हणजे आगंतुक, असे नाव आहे. हे नाव पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

आरंभचिन्हांचा क्रम षड्जपंचमभावातून निघतो. पेटीवरील ‘सी’ या पांढऱ्या पट्टीला षड्ज मानून केवळ पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या तर बिलावल थाट मिळतो. आता ‘सी’चा पंचम जो ‘जी’, त्याला षड्ज मानावे. पांढऱ्या पट्ट्या त्याच राहिल्या तर निषाद कोमल पडतो, म्हणजे खमाज होतो. पुन्हा बिलावल हवा असेल तर जुना मध्यम ‘एफ’ चढवावा लागतो. हाच पहिला शार्प. षड्ज आणखी एका पंचमाने पुढे नेला की दुसरा शार्प लागतो, आणि असे सात शार्पपर्यंत जाते. उलट दिशेने, ‘सी’चा मध्यम जो ‘एफ’, त्याला षड्ज केले तर पांढऱ्या पट्ट्यांवर कल्याण उमटतो. त्याचा बिलावल करण्यासाठी ‘बी’ उतरवावा लागतो. हा पहिला फ्लॅट. फ्लॅटांचा क्रम शार्पांच्या बरोबर उलटा असतो. या दोन्ही क्रमांत मधली पायरी गाळता येत नाही. तिसरे चिन्ह आले म्हणजे पहिली दोन आलीच.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. महाराष्ट्रातील गायक ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी चार’ असे म्हणतो, तेव्हा तो केवळ आपली पट्टी सांगतो. थाट कोणता, हा वेगळा प्रश्न असतो. आरंभचिन्ह या दोन गोष्टी एकत्र बांधते आणि तरीही दोहोंपैकी एकही पूर्णपणे सांगत नाही. दोन शार्प पाहून रचना ‘डी मेजर’मध्ये आहे की ‘बी मायनर’मध्ये, हे निश्चित होत नाही. षड्ज कोठे आहे, हे रचनेच्या चालीवरूनच ठरवावे लागते.

या पद्धतीची भारतीय संगीताच्या संदर्भात परीक्षा घ्यायची तर षड्ज ‘सी’वर स्थिर ठेवावा. फ्लॅटांचा क्रम मग नी, ग, ध, रे असा येतो. एक फ्लॅट घेतला की खमाज, दोन घेतले की काफी, तीन घेतले की आसावरी, चार घेतले की भैरवी. एकही चिन्ह नसले तर बिलावल, आणि मध्यमावर एक शार्प घातला की कल्याण. यापुढचा फ्लॅट पंचमावर आणि यापुढचा शार्प षड्जावर पडला असता. परंतु हे दोन्ही स्वर आपल्याकडे अचल आहेत. म्हणून आरंभचिन्हांची ही मालिका येथेच संपते. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या दहा थाटांपैकी सहा तिच्यात बसतात, तर भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी हे चार बाहेर राहतात. कर्नाटक पद्धतीच्या ७२ मेळकर्त्यांनाही हीच कसोटी लावली तर तेथेही सहाच मेळ बसतात.

भैरवात रिषभ व धैवत कोमल असून गांधार व निषाद शुद्ध आहेत. रूढ क्रमानुसार नी व ग उतरवल्याखेरीज ध व रे उतरवता येत नाहीत. परिणामी रूढ लेखनात भैरवाचे निदान काही स्वर तरी ‘आगंतुक’ म्हणून पुन्हापुन्हा लिहावे लागतात. ज्या स्वरांवर रागाचे सारे गांभीर्य उभे आहे, ते घरचे स्वर कागदावर पाहुणे ठरतात. युरोपीय संगीतातही ही अडचण अगदीच अपरिचित नाही. हार्मोनिक मायनरमधील चढा सातवा स्वर आरंभचिन्हात नसतो, तो प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे दाखवावा लागतो. मात्र तेथे जो एका स्वरापुरता अपवाद आहे, तो येथे रागाच्या मूळ स्वरूपालाच भिडतो.

या प्रश्नाला इतिहास आहे. विल्यम हॅमिल्टन बर्ड यांनी १७८९ मध्ये कलकत्त्यात ‘ओरिएंटल मिसेलनी’ या संग्रहात हिंदुस्थानी चाली हार्प्सिकॉर्डसाठी बेतून छापल्या. १८७४ मध्ये सी. बी. क्लार्क यांनी बंगाली संगीतासाठी स्टाफ नोटेशनचा पुरस्कार केला, तेव्हा शौरींद्रमोहन टागोर यांनी देशी स्वरलिपीची बाजू मांडली. मद्रासेत चिन्नस्वामी मुदलियार यांनी १८९३ मध्ये कर्नाटक रचना युरोपीय लिपीत प्रसिद्ध केल्या. तेव्हा लिपीची निवड ही केवळ सोयीची बाब कधीच नव्हती.

भातखंडे यांनी वेगळा मार्ग घेतला. त्यांच्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ येते. चिन्ह त्या त्या स्वरासोबतच राहते. आरंभी केवळ रागाचे नाव असते, आणि ते नाव आरंभचिन्हापेक्षा कितीतरी अधिक सांगते. भूप व देसकार यांचे पाचही स्वर एकच आहेत. त्यांतील भेद वादी-संवादींत व चलनात आहे. कोणतेही आरंभचिन्ह तो दाखवू शकणार नाही. अर्थात भातखंडे यांच्या लिपीलाही गृहीत आहेच. तीत चिन्हावाचून लिहिलेला स्वर शुद्ध, म्हणजे बिलावलाचा. कर्नाटक पद्धतीतील शुद्ध रिषभ हा मात्र हिंदुस्थानी कोमल रिषभाच्या स्थानी आहे. एका परंपरेचा ‘शुद्ध’ शब्द दुसरीत जसाच्या तसा नेणे हेही चुकीचे भाषांतरच ठरेल.

यातून संपादकापुढे एक व्यवहार्य मार्ग दिसतो. भैरवातील पद पाश्चात्त्य लिपीत द्यायचेच असेल तर रिषभ व धैवत यांचे फ्लॅट, क्रम मोडूनही, ओळीच्या आरंभी द्यावेत. बेला बार्टोकसारख्या रचनाकारांनी विसाव्या शतकात रूढ क्रमाबाहेरची आरंभचिन्हे वापरलीच आहेत. शिवाय षड्जाचे स्थान व रागाचे नाव स्वतंत्रपणे नोंदवावे. असे केल्याने राग कागदावर उतरतो असे नव्हे. परंतु त्याचे स्वर त्याच्याच घरात आगंतुक ठरण्याचा अन्याय तरी टळतो.