मानमोडीच्या साली

"तुझी पणजी प्लेगात गेली," असं आमच्या घरात सगळेच सांगत. आत्या मात्र ते मान्य करत नसे. "प्लेग नव्हे रे, मानमोडी," ती ठासून म्हणायची. "पावसाळा संपून बोटी सुरू झाल्या, तुझा पणजोबा मुंबईहून गावी आला, तो ताप घेऊनच. तो उठला, ती गेली. बाबा तेव्हा नुकते अंगणात धावायला लागले होते." बाबा म्हणजे माझे आजोबा. आत्याने हे सगळं त्यांच्याकडून ऐकलेलं आणि त्यांनी त्यांच्या काकीकडून. तीन तोंडांतून आलेली गोष्ट, पण 'मानमोडी' हा शब्द जसाच्या तसा राहिला होता. त्या एका शब्दाने मला पुढची चार वर्षं कामाला लावलं.

मानमोडी म्हणजे १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाला आपल्याकडे पडलेलं नाव. प्लेग मुंबईत आला १८९६ मध्ये, मांडवी भागात. दोन्ही साथी, दोन्ही मुंबईतून गावोगाव गेलेल्या, म्हणून घरोघरच्या आठवणींत त्यांची गल्लत झालेली दिसते. आमच्या बाबतीत निकाल कोणी द्यायचा? मला वाटलं, जनगणना देईल.

शिरगणतीतली नावं कुठे गेली

आपल्याकडे जनगणनेला आधी खानेसुमारी म्हणत, मग शिरगणती. घरं मोजण्याचा, माणसं मोजण्याचा प्रघात पेशवाईतही होता. पण साऱ्या देशाची पहिली मोजणी १८७२ ची, आणि एकाच वेळी सगळीकडे झालेली पहिली मोजणी १७ फेब्रुवारी १८८१ ची. तेव्हापासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी ती होत आली. मोजणीची पक्की रात्र ठरलेली असे. १० मार्च १९११ च्या रात्री कोणी गणनदार कंदील घेऊन आमच्याही पडवीत आला असेल. त्याने घरातली डोकी मोजली असतील. घरच्या बाईचं नाव सांगायला पुरुष राजी नसले तर नुसतं 'स्त्री' असं लिहायची मुभा जुन्या शिरगणत्यांत गणनदारांना दिलेली होती, त्यामुळे पणजीचं नाव त्या रात्री उच्चारलं गेलं की नाही, कोण जाणे.

उच्चारलं गेलं असतं तरी ते आज हाती लागणार नव्हतं. १९०१ पासून प्रत्येक माणसाची एक चिठ्ठी करून त्या चिठ्ठ्या खणाखणांत वाटून मोजायची पद्धत आली. बेरजा झाल्या, जाडजूड अहवाल छापले गेले आणि चिठ्ठ्या रद्दीत गेल्या. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या जनगणना कायद्याने तर व्यक्तीची नोंद कोणालाही पाहू न देण्याचं आणि पुरावा म्हणून न वापरण्याचं बंधनच घातलं. माणसाने निर्धास्तपणे खरं सांगावं, हा त्यामागचा हेतू, आणि तो योग्यच आहे. इंग्लंडमध्ये शंभर वर्षं उलटली की ही पानं खुली होतात. तिथली १९२१ ची जनगणना २०२२ च्या जानेवारीत खुली झाली. अमेरिकेत ७२ वर्षांची मुदत असते, तिथे १९५० ची पानं त्याच वर्षी एप्रिलमध्ये लोकांपुढे आली. तिकडच्या माणसाला पणजोबाचं घर, धंदा, भाडेकरू, पोरंबाळं, सगळं एका पानावर सापडतं. आपल्याला मिळतात ते आकडे. आपल्या पूर्वजांची नावं वेगळ्याच दप्तरांतून गोळा करावी लागतात. ती दप्तरं किती आणि कुठली, याचा हा आढावा.

घरात असलेलं दप्तर

पहिलं दप्तर घरातच असतं. कुलदैवत कुठलं, हा प्रश्न लग्नाच्या वेळी विचारला जातो, पण तो स्थलांतराचाही पुरावा आहे. मंगेशाचं मूळ स्थान कुठ्ठाळी, शांतादुर्गेचं केळशी. गोव्यात पोर्तुगीज अंमलात देवळं मोडायला लागल्यावर देव हलवले गेले. १५६० मध्ये मंगेश अंत्रुजात प्रियोळला आला, पुढे शांतादुर्गा कवळ्याला. मालवण, रत्नागिरी, कारवारपासून मंगळुरापर्यंत पांगलेली घराणी आजही नवस फेडायला तिथे जातात. घर कुठून निघालं हे विसरलं तरी देव कुठला ते लक्षात राहिलं.

दुसरी जागा पितृपक्षाची. श्राद्धात तीन पिढ्यांची नावं घ्यावी लागतात, बापाची, आजोबाची, पणजोबाची, आणि तशीच आईची, आजीची, पणजीची. सात-बारावर ज्या बायकांना जागा मिळाली नाही, त्यांना इथे मिळाली. नवऱ्याआधी गेलेल्या बाईसाठी अविधवा नवमी राखून ठेवलेली. आमच्या घरी त्या दिवशी एका सवाष्णीला जेवायला बोलवत आणि पान वाढताना पणजीचं नाव घेत. आत्याला ते नाव म्हणूनच पाठ होतं.

तिसरी जागा जात्याची. हेमा रायरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बाईचं माहेर, भाऊ, सासरचा जाच, दुष्काळ हे सगळं त्यांत आहे. ज्या बायकांची सही कुठल्याच कागदावर नाही, त्यांचं म्हणणं तिथे सापडतं.

बिन, कोम आणि अ.पा.क.

सरकारी कागदाकडे वळलं की आधी दोन लहान शब्द शिकावे लागतात. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा आणि 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. जुन्या नोंदींत आडनाव बहुधा नसतंच. बापाचं नाव ठाऊक नसेल तर एकाच गावच्या चार राघूंतला आपला कोणता, ते कळायला मार्ग नाही. त्यामुळे घरची वंशावळ आधी मांडून मगच कचेरीची पायरी चढावी. आठवण हातात नसेल तर कागद समोर असूनही वाचता येत नाही.

कागद आहेत मात्र अफाट. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. तिथे मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवले आहेत. रियासतकार सरदेसाई यांनी त्यांतले निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले. ज्यांच्या घरी वतन किंवा इनाम होतं त्यांनी १८५२ च्या इनाम कमिशनची चौकशी जरूर पाहावी. इनाम टिकवण्यासाठी लोकांनी स्वतःहून पाच-पाच पिढ्यांच्या कैफियती लिहून दिल्या होत्या. शेतकरी घराला तालुक्याच्या अभिलेख कक्षात सर्वांत जास्त मिळतं: गाव नमुना सहा म्हणजे फेरफार, आठ-अ म्हणजे खातं, आणि चौदा म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात. शाळेचं जनरल रजिस्टर वेगळंच. २०२३ पासून मराठा-कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळे हे शब्द गावागावांत पोचले आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. कारण आरक्षणाचं असेल, पण त्या निमित्ताने कितीतरी घरांनी आपल्या खापरपणजोबाचं नाव पहिल्यांदा वाचलं, हेही मोठं आहे.

ज्याची जमीन नव्हती त्याचं काय? कसणाऱ्याचं नाव कागदावर ठळकपणे येतं ते कूळकायद्यानंतर, १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनापासून. त्याआधीचा शोध दुसरीकडे घ्यावा लागतो. भीमा-कोरेगावच्या स्तंभावर कोरलेल्या ४९ नावांत 'नाक' असा शेवट असलेली २२ नावं आहेत. ज्या महार समाजाला गावच्या दप्तरात नीट नाव मिळालं नाही, त्याची माणसं पलटणीच्या दगडावर नावानिशी उभी आहेत.

सरकारी नसलेली दप्तरंही मोलाची. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे गाव आणि आडनाव सांगितलं की ते नामावळ काढतात. यात्रेला आलेल्या पूर्वजाने स्वतःच्या हाताने लिहिलेली ओळ समोर येते, तेव्हा अक्षरावरून बोट फिरवल्याशिवाय राहवत नाही. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे हेळवी येतात. पूर्वी बैलावरून येत, आता मोटारीने. घराची पिढीजात नावं वाचून दाखवायची, नव्या पोरांची भर घालायची, आणि बिदागी घेऊन पुढच्या गावाला जायचं. गोव्यात चर्चच्या वह्यांत बाप्तिस्मा, लग्न, मरण सगळं आहे, कोमुनिदादच्या दप्तरांत गावकारांची नावं आहेत, आणि पणजी शहरातल्या पुराभिलेखागाराची सुरुवात तर १५९५ ची.

जे गेले त्यांची नोंद

एक गोष्ट मला फार चटका लावून गेली. गावात राहिलेल्या माणसापेक्षा परमुलखात गेलेल्याची नोंद जास्त नीट झाली. १८३४ ते १९१० या काळात साडेचार लाखांच्या आसपास हिंदी मजूर करारावर मॉरिशसला उतरले. कोकणातले, साताऱ्याकडचे कितीतरी मराठी लोक मुंबई बंदरातून त्यांत गेले. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर, जो २००६ पासून जागतिक वारसा आहे, प्रत्येकाला नंबर मिळाला. नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, जिल्हा हे सगळं लिहून घेतलं गेलं, पुढे फोटोही काढले गेले. हे दप्तर तिथल्या महात्मा गांधी संस्थेत जपलेलं आहे. मालकाला पळालेला मजूर ओळखता यावा म्हणून लिहिलेल्या त्या खुणांवरून आज त्यांचे वंशज आपलं गाव शोधत रत्नागिरीत येतात.

मुंबईला गेलेल्यांचं तसं झालं नाही. खोलीत वीस-वीस गाववाले राहत, पाळी बदलली की वळकटी बदलत. गिरणीतल्या हजेरीच्या तिकिटाशिवाय त्यांच्या नावाचा कागद नव्हता. ते तिकीटही बहुतेकांनी टाकून दिलं. १९८२ च्या संपानंतर पुष्कळ वर्षांनी गिरणी कामगारांना घरं देण्याची योजना आली, तेव्हा गावोगाव लोकांनी ट्रंका उपसल्या. तिकीट नंबर, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी, विम्याचं कार्ड, काहीही चालेल, पण आपला बाप त्या गिरणीत होता हे दाखवायचं होतं.

चार पानं

आता आमची गोष्ट पुरी करतो. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात जन्मतारीख १ जून १९१५ लिहिलेली होती. १ जून ही मास्तरांनी बसवलेली तारीख, हे सगळ्यांना माहीत आहे. पण साल फार चुकलेलं नसणार. म्हणजे १८९६ चा पहिला प्लेग बाद झाला. नंतर फेरफार सापडला. पणजोबा वारल्यावर वारस म्हणून आजोबांचं नाव, आणि पुढे 'अज्ञान, अ.पा.क. चुलता'. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. तीन अक्षरांत एका पोरक्या मुलाचं सगळं बालपण मावलं होतं. पालक म्हणून आईचा उल्लेख नाही, म्हणजे ती बहुधा त्याआधीच गेलेली.

शेवटी कोतवाल बुक. कागद पिवळा पडलेला, कडा कुरतडलेल्या. शाई मात्र ठळक. आमचं गाव लहान. एरवी एका पानावर तीन-तीन महिन्यांचे मृत्यू मावत. १९१८ च्या ऑक्टोबरला चार पानं लागली होती. कारणाच्या रकान्यात पहिल्या ओळीवर 'ताप' आणि त्याखाली पानभर 'सदर, सदर, सदर'. लिहिणाऱ्याचं अक्षर दुसऱ्या पानापासून वाकडं होत गेलेलं. त्यालाही ताप होता की त्याचंच कोणी गेलं होतं, कोण सांगणार? याच महिन्याच्या ६ तारखेला मुंबई शहरात एका दिवसात ७६८ माणसं दगावली होती. तिसऱ्या पानावर मधोमध पणजोबाचं नाव दिसलं आणि पुढे 'याची बायको, वय २५, सदर'.

नाव नव्हतंच. आत्याचं म्हणणं खरं ठरलं, आणि जिच्यासाठी हा खटाटोप केला तिची ओळ रिकामी निघाली.

मग मी पुन्हा जनगणनेचे अहवाल उघडले. १९११ साली आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या २५ कोटी २१ लाख होती. १८ मार्च १९२१ ला मोजली तेव्हा ती २५ कोटी १३ लाख भरली. १९०१ नंतरच्या मोजण्यांत लोकसंख्या घटली ती याच दशकात, आणि मोठं कारण मानमोडीचं. लोकसंख्याशास्त्राची पुस्तकं १९२१ ला महाविभाजक वर्ष म्हणतात. मी शाळेत ते पाठ केलं होतं. त्या वजाबाकीत माझी पणजी आहे, हे मला पन्नाशीत कळलं. रत्नागिरी जिल्ह्यात आजही पुरुषांपेक्षा बायका जास्त, २०११ ला दर हजारी ११२२. घरधनी मुंबईला आणि घर, शेत, म्हातारी माणसं बायकांच्या अंगावर, हे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं त्या आकड्यात दिसतं. आकड्यांत नाव नसतं, पण आपल्या माणसाचं नाव ठाऊक असलं की आकडा वाचताना कंठ दाटून येतो.

आता पुढची जनगणना येते आहे, १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख. गणनदार दारात येईल तेव्हा घरातल्या प्रत्येक बाईचं पूर्ण नाव तिलाच सांगू द्या. आणि त्याआधी, या दिवाळीला, फराळाची ताटं उचलली की घरातल्या सर्वांत थकल्या माणसाजवळ बसा. कोण कुठून आलं, कोणत्या साली, कोणत्या साथीत, माहेर कुठलं, हे विचारून लिहून घ्या. चुकीचं वाटलं तरी त्यांचाच शब्द ठेवा. आमच्या आत्याचा 'मानमोडी' कोणी 'प्लेग' म्हणून सुधारला असता तर मी चुकीच्या सालाच्या वह्या चाळत बसलो असतो.

आत्या मागच्या वर्षी गेली. तिला मी कोतवाल बुकातल्या पानाचा फोटो दाखवला होता. तिने चष्मा लावून ओळ शोधली, 'याची बायको' वर बोट ठेवलं आणि पणजीचं नाव मोठ्याने म्हटलं, अविधवा नवमीला म्हणत तसंच. त्या फोटोची प्रत आता वंशावळीच्या वहीत चिकटवलेली आहे. रिकाम्या जागेच्या खाली मी ते नाव लिहिलं आहे, आणि शेजारी माझ्या मुलीने तिच्या अक्षरात पुन्हा एकदा.